सुरतेची बंद वाट

केंद्र सरकारच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आल्या आणि परराज्यांत जाऊन राबणाऱ्या मजुरांसाठी १९७९ साली झालेला स्वतंत्र कायदा त्यांच्या पोटात विलीन झाला. या घटनेची चर्चा झाली ती मुख्यतः उद्योगधंद्यांच्या सोयीगैरसोयीच्या अंगाने. मजुराला वर्षातून एकदा गावी जाण्यायेण्याच्या भाड्यापोटी मालकाने ठोक रक्कम द्यावी, अशी तरतूद नव्या संहितेत आहे. ती चांगलीच आहे. पण गावी जाण्याची वाटच सरकारी हुकुमाने बंद झाली तर त्या मजुराने काय करावे, या प्रश्नाला ती स्पर्श करीत नाही. हा प्रश्न कोणा तर्कपंडिताने उकरून काढलेला नाही. २०२० च्या एप्रिल आणि मे महिन्यांत सुरत शहरातील हजारो माणसांनी तो रस्त्यावर उभे राहून विचारला होता, आणि त्याचे उत्तर त्यांना अश्रुधुराच्या नळकांड्यांनी मिळाले होते.

घटनाक्रम प्रथम पाहू. १९ मार्च २०२० रोजी सुरतेत कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला. त्याच दिवशी राजकोटातही एक आढळला. गुजरातेतील हे पहिले दोन रुग्ण होत. २२ मार्च रोजी, म्हणजे ‘जनता कर्फ्यू’च्या दिवशी, सुरतेत एका वृद्धाचा अंत झाला. त्या राज्यातील तो या रोगाचा पहिला बळी. त्याच दिवशी रेल्वेने देशभरच्या प्रवासी गाड्या बंद केल्याचे जाहीर केले. त्यानंतर दोन दिवसांनी, २४ तारखेस रात्री आठ वाजता, पंतप्रधानांनी टाळेबंदीची घोषणा केली आणि मध्यरात्रीच्या ठोक्याला ती लागू झाली. गाड्या आधी थांबल्या आणि घरात राहण्याची आज्ञा मागाहून आली, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आज्ञा ऐकून ज्याला आपल्या मुलाबाळांजवळ जावेसे वाटले असते, त्याच्यापुरते स्टेशनचे दार आधीच लागले होते. मुदत एकवीस दिवसांची सांगितली गेली. पुढे ती ३ मेपर्यंत, १७ मेपर्यंत आणि ३१ मेपर्यंत अशी टप्प्याटप्प्याने वाढत गेली.

रोग नवा होता, औषध नव्हते, लस दृष्टिपथात नव्हती. अशा वेळी माणसांच्या हालचालीवर निर्बंध घालणे हे सरकारचे कर्तव्यच होते, आणि ते न घालणाऱ्या सरकारला इतिहासाने क्षमा केली नसती. राज्यघटनेचे एकोणिसावे कलम नागरिकाला देशभर मुक्त संचाराचा हक्क देते, तसेच सार्वजनिक हितासाठी त्यावर वाजवी बंधने घालण्याची मुभाही देते. वाद बंधनांविषयी नाही. ‘वाजवी’ या शब्दाविषयी आहे.

सुरत म्हटले की मराठी वाचकाला शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० सालच्या स्वाऱ्या आठवतात. फार तर १९०७ साली फुटलेले काँग्रेसचे अधिवेशन आणि त्या मंडपातील लोकमान्य आठवतात. तिथून पुढची सुरत आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. खानदेशात मात्र ती रोजच्या बोलण्यात आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतील माणूस पोटासाठी मुंबईपुण्याकडे जितक्या सहजतेने पाहतो, तितक्याच, किंबहुना अधिक सहजतेने तापीच्या काठाकाठाने सुरतेकडे पाहत आला आहे. लिंबायत, डिंडोली, नवागाम, उधना, पांडेसरा या वस्त्यांतून अहिराणी कानावर पडते. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालविते. यातील बराच भाग ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात मोडतो, तेथून २००९ पासून निवडून येणारे सी. आर. पाटील हे जन्माने जळगाव जिल्ह्याचे. आणि हे स्थलांतर ‘परराज्यातले’ तरी कधीपासून? १ मे १९६० पर्यंत सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते. तापी खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग त्याहीपूर्वीचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. रूळ आधी पडले आणि सीमा मागाहून आखली गेली.

त्याच शहरात ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेली लाखो माणसे यंत्रमागावर काम करतात. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, राजस्थान येथून आलेल्यांची गणती निराळी. यंत्रमागाची पाळी बारा तासांची. मजुरी महिन्याच्या पगाराने ठरत नाही. जितके मीटर कापड उतरेल तितके पैसे. राहण्याची व्यवस्था अशी की, एका खोलीत दिवसपाळीची माणसे रात्री झोपतात आणि रात्रपाळीची दिवसा. अंथरूण तेच, माणसे बदलतात. जेवण खाणावळीत, जिला तेथे ‘मेस’ म्हणतात. कारखाना चालू असेपर्यंत ही व्यवस्था कशीबशी निभते. कारखाना बंद झाला की दोन्ही पाळ्यांची माणसे एकाच वेळी त्या खोलीत येतात. ‘घरातच राहा, अंतर राखा’ ही आज्ञा या खोलीत पाळायची कशी, याचा विचार आज्ञा लिहिणाऱ्याने केलेला नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर जे घर होते त्याला दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि बहुधा एक गॅलरीही होती.

मार्चअखेरपर्यंत लोकांनी सोसले. २९ मार्चला केंद्रीय गृहखात्याने हुकूम काढला की, मालकांनी बंदच्या काळातील मजुरी कापू नये, घरमालकांनी एक महिन्याचे भाडे मागू नये आणि राज्यांनी आपल्या सीमा बंद कराव्यात. या तिहेरी हुकुमातील तिसरा भाग तत्काळ आणि कसोशीने अंमलात आला. पहिल्या दोहोंची वासलात कशी लागली हे सुरतेतील मजुरांच्या मागण्यांवरूनच कळते, कारण थकलेली मजुरी आणि गावी जाण्याची परवानगी या दोनच मागण्या त्यांच्या तोंडी सातत्याने होत्या. मजुरी न कापण्याचा हा आदेश पुढे १७ मे रोजी मागेच घेण्यात आला.

१० एप्रिलच्या रात्री लसकाणा भागात यंत्रमाग कामगार रस्त्यावर उतरले. भाजीच्या हातगाड्या जाळल्या गेल्या आणि सत्तरांहून अधिक लोकांना अटक झाली. १४ एप्रिलला, म्हणजे ज्या दिवशी एकवीस दिवस संपून सुटका व्हायची त्याच दिवशी मुदतवाढ झाली, तेव्हा वराछ्यात मजुरांनी ठाण मांडले. मुंबईत वांद्रे स्टेशनबाहेर गर्दी उसळली तीही त्याच दुपारी. दोन शहरांतील माणसांनी संगनमत केले नव्हते. त्यांनी एकच तारीख मनात धरून ठेवली होती. २८ एप्रिलला खाजोद येथे हिरेबाजाराच्या प्रचंड इमारतीचे बांधकाम करणाऱ्या मजुरांनी दगडफेक केली. (हीच इमारत पुढे १७ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते समारंभपूर्वक उघडली गेली आणि अमेरिकेच्या पेंटॅगॉनशी तिची तुलना करण्यात आली.) ४ मे रोजी कडोदऱ्याजवळच्या वरेली गावात पोलिस आणि मजूर यांची मोठी चकमक झाली आणि अश्रुधूर सोडण्यात आला. ९ मे रोजी हजिऱ्याजवळच्या मोरा गावात तोच प्रकार.

एका महिन्यात एकाच शहराच्या आसपास पाच वेळा लोक उठतात, तेव्हा त्याला ‘काही समाजकंटकांचा उपद्व्याप’ म्हणून भागत नाही. जाळपोळीचे समर्थन कोणीही करू नये. ज्याची भाजीची गाडी जळली तोही गरीबच होता. पण या पाच प्रसंगांत लोकांनी काय मागितले हे तपासून पाहावे. टाळेबंदी उठवा, आम्हांला हिंडू द्या, कारखाने सुरू करा, यांपैकी काहीही त्यांनी आग्रहाने मागितले नाही. आमचे पैसे द्या आणि आम्हांला घरी पोहोचवा, एवढेच ते म्हणत होते. घरी राहण्याचा सरकारी हुकूम पाळण्याचीच ही मागणी होती, असे म्हटले तर ती केवळ शब्दांची कसरत ठरू नये.

याच काळात गुजरात सरकारने १७ एप्रिल रोजी एक अधिसूचना काढली. कारखान्यांत दिवसाचे काम बारा तासांपर्यंत नेता येईल आणि जादा तासांना दुप्पट मजुरी द्यावी लागणार नाही, असे तिचे सार. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती रद्द केली हे योग्यच झाले. परंतु ज्या आठवड्यात मजुराला शहराबाहेर पाऊल टाकण्यास मनाई होती, त्याच आठवड्यात त्याच्या श्रमाचे तास वाढविण्याची तत्परता शासनाला सुचावी, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

हाल केवळ गिरणीमजुरांचेच झाले असे मात्र नाही. एप्रिलच्या मध्यास जुन्या सुरतेच्या काही भागांत आणि लिंबायतच्या काही वस्तीत संचारबंदी पुकारली गेली, तेव्हा मध्यमवर्गीयांनाही पोलिसांच्या काठीचा आणि गल्लीच्या तोंडाशी आडव्या लावलेल्या बांबूचा अनुभव आला. नदीच्या या तीरावर राहणारी लेक त्या तीरावरच्या आईला भेटू शकत नव्हती. नवसारी, वलसाड, भरूच, व्यारा येथून रोज पासावर सुरतेला येणारा जो मोठा नोकरदार वर्ग आहे, ज्याला तिकडे आणि आपल्या खानदेशातही ‘अपडाऊनवाला’ म्हणतात, त्याची गाडी बंद पडली ती कित्येक महिने. मुंबईकरांची लोकलही सर्वसामान्यांसाठी खुली झाली ती १ फेब्रुवारी २०२१ रोजी, आणि तीही ठराविक वेळांपुरती.

नवापूर स्टेशनाची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. १९६० साली सीमा आखली गेली ती नेमकी या स्टेशनातून. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यात. उरलेला गुजरातेत, आजच्या तापी जिल्ह्यात. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत. एरवी हा कौतुकाचा, छायाचित्रे काढण्याचा विषय. पण सीमा बंद करण्याचा हुकूम आला त्या दिवसांत याच भागातील महामार्गावर दोन राज्यांची नाकी समोरासमोर उभी राहिली. सुरतेहून पायी, दुचाकीवर वा मिळेल त्या वाहनाने खानदेशाकडे निघालेल्या माणसाला आपल्या मुलखाच्या तोंडाशी येऊन थांबावे लागले. या बाजूचे म्हणत, तुम्ही तिकडून आलात. त्या बाजूचे म्हणत, तुम्ही येथून निघालात. १ मे २०२० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांना साठ वर्षे पुरी झाली. कामगार दिनही तोच. एरवी केवढे सोहळे झाले असते!

मुख्य रस्ता बंद झाला की माणसे आडवाटेने जातात, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. १६ एप्रिलच्या रात्री मुंबईहून दोन साधू आपल्या गुरूंच्या अंत्यविधीसाठी सुरतेकडे मोटारीने निघाले. महामार्ग टाळून ते पालघर जिल्ह्यातील आतल्या रस्त्याने गेले, दादरा नगर हवेलीच्या सीमेवरून मागे फिरले, आणि गडचिंचले गावात, चोरांच्या टोळ्यांच्या अफवांनी भयभीत झालेल्या जमावाने त्यांची आणि त्यांच्या वाहनचालकाची पोलिसांदेखत हत्या केली. ते पाप जमावाचे. त्याची जबाबदारी दुसऱ्या कशावरही ढकलता येणार नाही. या प्रकरणाचे पुढे जे राजकारण झाले त्यात शिरण्याचीही आमची इच्छा नाही. परंतु अंत्यदर्शनासाठी जाणाऱ्याला परवाना कोठे, कोणाकडे, किती वेळात मिळेल हे रीतसर ठरलेले आणि सर्वांना ठाऊक असते, तर त्या तिघांना रात्रीच्या त्या वाटेने जावे लागले असते काय?

अखेर १ मे रोजी तेलंगणातील लिंगमपल्लीहून झारखंडातील हटियाला पहिली श्रमिक विशेष गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी सुरतेहूनही ओडिशाकडे गाडी निघाली. मात्र २ मेच्या रेल्वेच्या परिपत्रकात असे लिहिले होते की, राज्य सरकारांनी प्रवाशांकडून भाडे गोळा करून ते रेल्वेस द्यावे. चाळीस दिवस ज्याच्या हाताला काम नव्हते त्याच्याकडून तिकिटाचे पैसे! त्यावर गदारोळ झाला, खुलासे झाले, केंद्राचा वाटा इतका नि राज्याचा तितका असे हिशेब मांडले गेले. आणि मजुरांकडून भाडे घेऊ नये असे सर्वोच्च न्यायालयाला २८ मे रोजी सांगावे लागले. तोवर बहुसंख्य माणसे उसनवारीने किंवा गावाकडून पैसे मागवून निघून गेली होती. ३१ ऑगस्टपर्यंत अशा ४,६०० हून अधिक गाड्या धावल्या आणि ६३ लाखांवर माणसे आपापल्या राज्यांत पोहोचली. काम प्रचंड होते आणि रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी ते निष्ठेने केले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण जे मे महिन्यात शक्य झाले ते मार्चच्या अखेरीस, रोगाचा फैलाव पुष्कळच कमी असताना, का शक्य झाले नाही? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आजतागायत मिळालेले नाही.

याच गाडीच्या आशेने जालन्याहून वीस मजूर रुळांवरून चालत भुसावळकडे निघाले होते. थकून करमाडजवळ रुळांवरच झोपले. ८ मेच्या पहाटे मालगाडीखाली त्यांतले सोळा गेले. भुसावळ हे सुरतेच्या मार्गाचेही दुसरे टोक. त्या सोळा जणांविषयी महाराष्ट्र काही दिवस हळहळला. सप्टेंबर २०२० मध्ये मात्र टाळेबंदीत गावी परतताना किती मजूर मृत्यू पावले याची माहिती उपलब्ध नाही, असे उत्तर केंद्रीय श्रम मंत्रालयाने संसदेत दिले. मोजले नाही म्हणून आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही, असा हा सरळ हिशेब.

या चित्राला दुसरी बाजू आहे. ती झाकली तर आमचे लिखाण एकांगी ठरेल. माणसे परतल्यानंतर गंजाम जिल्ह्यात जून-जुलैमध्ये रोगाने उग्र रूप धारण केले. ओडिशा उच्च न्यायालयाने ७ मे रोजी, तपासणीत निर्दोष ठरलेल्यांनाच राज्यात घ्यावे असा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी त्यास स्थगिती दिली. जळगाव जिल्ह्यात त्या उन्हाळ्यात मृत्यूचे प्रमाण चिंता वाटावी इतके चढले होते. गावाला वाटणारी भीती निराधार नव्हती. कोकणातही त्या वर्षी गणपतीसाठी निघालेल्या चाकरमान्यांना ई-पासचे आणि विलगीकरणाच्या दिवसांचे घोळ सोसावे लागले, ग्रामपंचायतींनी परस्पर नियम केले. आणि तरीही कोकणी गावांना सरसकट दोष देता येणार नाही, कारण त्यांच्याकडे दवाखाने नव्हते. ओडिशा सरकारने एप्रिलमध्ये सरपंचांना आपापल्या पंचायतीपुरते जिल्हाधिकाऱ्याचे अधिकार दिले, हा या सगळ्या गोंधळातला एक शहाणपणाचा निर्णय. येणाऱ्याला कोठे ठेवायचे, किती दिवस, जेवण कोण देणार, हे गावात ठरू लागले. बंधन तेथेही होतेच; पण ते घालणाऱ्याचे तोंड दिसत होते.

ज्या वरेली गावात ४ मे रोजी अश्रुधूर सुटला ते सुरतेहून बारडोलीला जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला आहे. त्या रस्त्याने आणखी थोडे पुढे गेले की १९२८ सालच्या सत्याग्रहाची भूमी लागते. शेतसारा बावीस टक्क्यांनी वाढविल्याच्या निषेधार्थ वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली त्या तालुक्याने फेब्रुवारी ते ऑगस्ट असा लढा दिला. पुढे चौकशी होऊन ती वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली, हे सर्वश्रुत आहे. त्या लढ्यातील एक गोष्ट येथे मुद्दाम सांगावीशी वाटते. जप्तीचे कारकून आणि पठाण गुरेढोरे ओढून नेत, म्हणून तेथल्या शेतकऱ्यांनी दारांना कुलपे लावून, गाईम्हशींसह स्वतःला घरात कोंडून घेतले होते. भर उन्हाळ्यात, दिवसच्या दिवस. ती एक प्रकारची टाळेबंदीच होती, आणि ती त्या अशिक्षित म्हणविल्या जाणाऱ्या शेतकऱ्यांनी कुरकुर न करता पाळली.

ती पाळली गेली, कारण गावोगाव सभा होऊन ती ठरली होती. बंधन कशासाठी, किती काळ, मोडले तर काय होईल, याची उत्तरे देणारा माणूस गावात हजर होता. तालुक्याचे विभाग पाडून छावण्या उघडल्या होत्या आणि दररोज छापील खबरपत्रिका वाटली जात होती. काल काय घडले आणि आज काय करायचे, हे शेवटच्या झोपडीपर्यंत पोहोचत होते. २०२० च्या सुरतेत खबरपत्रिकेची जागा भ्रमणध्वनीवरच्या अफवांनी घेतली. अमुक तारखेला गाडी सुटणार, तमुक ठिकाणी अर्ज मिळतात, आता आणखी दोन महिने कोणी जाऊ शकणार नाही. लसकाणा, वराछा, वरेली या ठिकाणी माणसे जमली ती अशा बातम्यांच्या मागे धावत. त्यांच्या भाषेत, ओडिया, भोजपुरी, मराठीत, रोज संध्याकाळी अधिकृतपणे दोन वाक्ये सांगणारा कोणी अधिकारी प्रत्येक वस्तीत असता, तर पोलिसांचे निम्मे काम कमी झाले असते असे आम्हांस वाटते.

सुरतेला साथ नवी नव्हती. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या बातमीने थोड्याच दिवसांत लाखो लोक शहर सोडून पळाले. गाड्यांच्या टपांवर बसून गेले. कोणी त्यांना अडविले नाही, आणि सुदैवाने देशभर प्लेग पसरलाही नाही. अर्थात प्लेगला प्रतिजैविके लागू पडतात; १९९४ वरून २०२० चा निवाडा करणे शास्त्राला धरून होणार नाही. पण त्या आपत्तीनंतर मे १९९५ पासून महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी शहराच्या सफाईचे जे काम केले, ते पाहावयास देशभरातून माणसे येत. घाणीतून धडा घेणाऱ्या या शहराने माणसांच्या या कोंडमाऱ्यातून मात्र तसा धडा घेतल्याचे दिसले नाही.

आणि कायदा? ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा. पुण्यात रँडसाहेबाच्या कारभाराला, घराघरांत शिरणाऱ्या गोऱ्या सोजिरांना, रेल्वे स्टेशनांवरील अपमानास्पद तपासण्यांना ज्या काळात मोकळे रान मिळाले, त्या काळातला तो कायदा. लोकमान्यांनी त्या वेळीही प्लेगच्या उपायांना सरसकट विरोध केला नव्हता; उपाय लोकांना बरोबर घेऊन व्हावेत असा त्यांचा आग्रह होता, आणि हिंदूंसाठी पुण्यात प्लेगचे रुग्णालय उभारण्यातही ते होते. २०२० साली या कायद्यात दुरुस्ती झाली ती वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यास कडक शिक्षा देण्यासाठी. ती आवश्यकच होती. परंतु ज्याला कोंडून ठेवायचे त्याला काय देणे लागते, याविषयी त्या दुरुस्तीतही अक्षर नाही. फौजदारी संहितेतील जुने १४४ कलम १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १६३ या क्रमांकाने नांदत आहे. आकडा बदलला.

बंधने एकदा आली की ती सगळीच परत जातात असेही नाही. खानदेशातून सुरतेला जाणारा साधा प्रवासी याची साक्ष देईल. बंद झालेल्या पॅसेंजर गाड्या ‘विशेष’ या नावाने परत आल्या तेव्हा दहा रुपयांच्या किमान तिकिटाला तीस रुपये पडू लागले. हे जादा भाडे रद्द होण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडला. ज्येष्ठ नागरिकांची प्रवासातील सवलत मार्च २०२० मध्ये ‘अनावश्यक प्रवास टळावा’ म्हणून काढून घेण्यात आली. पाच वर्षे उलटूनही ती परत आलेली नव्हती. लिंबायतमध्ये मुलाकडे राहणारी, वर्षातून दोनदा अमळनेरला माहेरी जाणारी आजी आज पुरे भाडे भरते ते त्या रोगासाठी, ज्याचे निर्बंध केव्हाच उठले आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने ९ जून २०२० रोजी, रस्त्यावर आलेल्या स्थलांतरित मजुरांवर आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली भरलेले खटले मागे घेण्याचा राज्यांनी विचार करावा, असे सांगितले. न्यायालयाने नेमके ओळखले की हे गुन्हेगार नव्हते. मग त्यांना रस्त्यावर आणणारी परिस्थिती पुन्हा येऊ नये यासाठी कायद्यात काही लिहिले जाणे क्रमप्राप्त होते. हालचाल बंद करण्याच्या कोणत्याही हुकुमाबरोबर निदान काही दिवसांची पूर्वसूचना असावी. ज्याला घर नाही वा ज्याचे घर दूर आहे त्याला विशिष्ट मुदतीत तेथे पोहोचविण्याची जबाबदारी कोणत्या खात्याची हे नावानिशी नोंदलेले असावे. बंदच्या काळातील मजुरी केवळ मालकाच्या मर्जीवर न सोडता तिचा काही भाग सरकारने उचलावा. आणि मृत्यू, आजार, बाळंतपण यांसाठी त्याच दिवशी परवाना देणारा अधिकारी तालुक्याला असावा. यात क्रांतिकारक असे काही नाही. पूर आणि वादळ यांसाठी आपण असे आराखडे करतोच. ओडिशाने तर वादळापूर्वी लाखो माणसे हलवून दाखविली आहेत.

सुरतेचा ओघ थांबलेला नाही. २०२० साली गेलेली बहुतेक माणसे परत आली, कारण गावात काम नव्हते आणि मागांना माणसे हवी होती. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी, दिवाळी आणि छठपूजेच्या गर्दीत, सुरत स्टेशनवर बिहारकडे जाणाऱ्या गाडीत चढताना झालेल्या चेंगराचेंगरीत एकाचा प्राण गेला. त्या वेळी कोणतेही निर्बंध नव्हते. २७ सप्टेंबर २०२५ रोजी गंजाम जिल्ह्यातील ब्रह्मपूर आणि सुरतेचे उधना यांना जोडणारी अमृत भारत एक्सप्रेस सुरू झाली. उद्या साथ आलीच तर ही गाडी कोणाच्या हुकुमाने थांबेल, किती दिवसांची सूचना देऊन थांबेल, आणि उधन्याच्या फलाटावर अडकलेल्यांच्या जेवणाखाण्याची व परतीची सोय कोण करील, एवढे तरी सुरत महापालिका, पश्चिम रेल्वे आणि संबंधित राज्यांची सरकारे यांनी आत्ताच, कोणतीही साथ दाराशी नसताना, लिहून काढावे आणि ते उधना, लिंबायत व वराछ्याच्या वस्त्यांतून ओडिया, हिंदी, गुजराती आणि मराठीत छापून लावावे.